फालशाच्या काठीचें धनुष्य



उन्हाळा लागला कीं आमच्या शहागंजच्या बाजारांत फालसे विकावयास येतात. तीं जांभळीं, वाटाण्याएवढीं, आंबटगोड फळें आपल्यापैकीं पुष्कळांनीं खाल्लीं असतील. निदान त्यांचें सरबत तरी घेतलें असेल. परंतु फालशाच्या झुडपाचें लांकूड कशाच्या उपयोगीं पडतें, असें कोणीं आपणांस विचारलें, तर "चुलीच्या" ह्यापलीकडे उत्तर सुचावयाचें नाहीं. मास्तरकीचीं तीस वर्षें होईपर्यंत मलाहि तें सुचलें नव्हतें.

वास्तविक फालसा हा धामणीचा भाऊबंद. धामण म्हणतांच कित्येकांच्या डोळ्यांपुढें साप उभा राहील. मी बोलतों आहें तें त्या नांवाच्या झाडाविषयीं. वनस्पतिशास्त्रांत दोघांचा वंश एकच, ग्रेविया. धामणीचें लांकूड चिवट आणि लवचिक. कावडीचा दांडा, कुऱ्हाडीचा दांडा, खांद्यावरून ओझें वाहण्याच्या काठ्या ह्यांसाठीं तें पूर्वापार नांवाजलेलें आहे. संस्कृत कोशांत ह्या झाडाला धन्वन म्हटलें आहे, आणि धन्व म्हणजे धनुष्य. फालशाचें लांकूडहि तसेंच, पिवळसर पांढरें, बारीक कणीचें, वांकविलें तरी सहसा न मोडणारें. त्याचींहि धनुष्यें करीत असत.

आतां, आजच्या काळांत धनुष्य हवें कशाला, असें कोणी म्हणेल. ज्या घरांत दहा-बारा वर्षांचें मूल आहे, त्या घराला हा प्रश्न पडत नाहीं. तें मूल खराट्याच्या काडीचें का होईना, धनुष्य करतेंच. मला आज सांगावयाचें आहे तें त्याच्या पुढचें : मनगटाएवढें जाड, झुडपाचें लांकूड घेऊन खरें धनुष्य करावयाचें, तर तें लांकूड तयार कसें करावें. ह्या विषयांत माझा अधिकार एवढाच कीं मी एकदां चुकलों, आणि त्या चुकीची खूण एका मुलाच्या भुवईवर अद्याप आहे.

ती हकीकत अशी. मे महिन्याच्या सुटींत आम्हीं मुलांकडून एकलव्याची छोटी नाटिका बसविली होती. कागदी धनुष्य मला पटेना. शेजारच्या परसांत फालशाचें जुनें झुडूप होतें. एप्रिलच्या आरंभीं मीं त्याची एक सरळ फांदी तोडली, त्याच दिवशीं तिची साल सोलली, आणि ती सोललेली काठी घराच्या पत्र्यावर उन्हांत टाकली. तीन आठवड्यांत ती खडखडीत वाजूं लागली. मला वाटलें, लांकूड उत्तम वाळलें. मीं ती तासली, दोरी चढविली. तालमीच्या तिसऱ्या दिवशीं एकलव्य झालेल्या मुलानें ती ओढली मात्र, आणि मुठीच्या वर वीतभर अंतरावर ती कडाडून मोडली. एक ढलपी त्याच्या भुवईंत शिरली. दोन टांके पडले. अर्ध्या इंचानें डोळा वांचला. आजहि तो मुलगा भेटला कीं माझी दृष्टि पहिल्यानें त्याच्या भुवईकडे जाते.

मोडलेले तुकडे मीं फेंकले नाहींत. बाजारांत कुऱ्हाडी-कुदळींचे दांडे विकावयास कन्नडच्या बाजूचा एक वृद्ध भिल्ल बसत असे. त्याला नेऊन दाखविले. मला वाटत होतें कीं तो म्हणेल, लांकूड ओलें राहिलें. त्यानें तुकडा नाकाशीं नेला, मोडलेली कड अंगठ्यानें चाचपली, आणि म्हणाला, "गुरुजी, हें वाळलं न्हाई, करपलं."

त्याचा स्वतःचा कमठा बांबूचा होता. भिल्लांचे कमठे बहुतेक बांबूचेच असतात, आणि दोरीसुद्धां बांबूच्या सालीच्या पातळ पट्टीची. ही रीति किती जुनी असावी ह्याचा अंदाज कौटिल्याच्या अर्थशास्त्रावरून येतो. आयुधागाराच्या प्रकरणांत धनुष्याचीं द्रव्यें म्हणून ताड, बांबू, लांकूड आणि शिंग हीं दिलीं आहेत, आणि दोरीच्या द्रव्यांत मूर्वा, रुई, ताग, स्नायु ह्यांबरोबर बांबूहि आहे. कन्नडजवळचा घाट औट्रमच्या नांवानें ओळखला जातो. ह्याच औट्रमनें १८२५ सालीं खानदेशांत भिल्लांची पलटण उभारली. घाटाला साहेबाचें नांव राहिलें, कमठेवाल्यांचें नाहीं. असो. त्या वृद्धानें "करपलं" हा जो शब्द वापरला, त्याचा अर्थ समजून घेण्यांत माझीं पुढचीं दोन-तीन वर्षें गेलीं. तो आतां आपणांस सांगतों.

लांकडांत पाणी दोन प्रकारें असतें. एक, लांकडाच्या सूक्ष्म नळ्यांच्या पोकळींत भरलेलें. दुसरें, त्या नळ्यांच्या भिंतींत मुरलेलें. फांदी तोडली कीं पहिलें पाणी आधीं निघून जातें. तें गेल्यानें वजन घटतें. आकार मात्र बदलत नाहीं. कोरड्या लांकडाच्या वजनाच्या शेंकडा २८ ते ३० इतकें पाणी उरलें म्हणजे पोकळ्या रिकाम्या झाल्या, आणि येथून पुढें भिंतींतलें पाणी निघूं लागतें. लांकूड आकसतें तें आतां, आणि ताठर होऊं लागतें तेंहि आतां.

पण आकसतांना तें सर्व बाजूंनीं सारखें आकसत नाहीं. लांबीस जवळजवळ मुळींच नाहीं. गाभ्याकडून सालीकडे जितकें आकसतें, त्याच्या सुमारें दुप्पट तें परिघाच्या दिशेनें आकसतें. गोल काठीचा परीघ आंवळूं पाहतो आणि आंतला भाग तितका लहान होत नाहीं. मग परीघ कोठेंतरी फाटतो आणि सालीपासून गाभ्यापर्यंत सरळ भेग पडते. त्यांत बाहेरचा थर उन्हानें झपाट्यानें वाळला आणि आंत पाणी तसेंच राहिलें, तर ओढाताण आणखी वाढते. आपल्या घरांतील गृहिणींना हें नवीन नाहीं. कुरडया उन्हांत घालतात, परंतु उडदाचा पापड जाणती बाई सावलींतच वाळविते. कडक उन्हांत त्याच्या कडा वळतात आणि तो तडकतो. मीं माझा पापड उन्हांत टाकला होता, एवढेंच.

एवढ्यानें मात्र "करपलं" ह्याचा उलगडा पुरा होत नाहीं. माझ्या काठीला भेग दिसत नव्हती. तिच्यांत पाणी फार कमी राहिलें होतें, हें तिचें दुसरें दुखणें. लांकूड हवेशीं सतत देवघेव करीत असतें. हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ५० च्या आसपास असली, तर लांकडांत शेंकडा ९ च्या सुमारास ओलावा स्थिर होतो. पावसाळ्यांत आर्द्रता ८० वर गेली कीं तोच १६ वर जातो. आणि आमच्या मराठवाड्याच्या वैशाखांत, ४० अंश उष्णता आणि २० टक्के आर्द्रता असतांना, लांकडांत चार-साडेचारच टक्के उरतो. तापलेल्या पत्र्यावर तर त्याहूनहि कमी. धनुष्याला हवा असतो ८ ते १० टक्के. बारा-तेराच्या वर असला, तर धनुष्य मोडत नाहीं, पण मऊ राहतें आणि दोरी उतरविली तरी वांकडेंच राहतें. सहाच्या खालीं गेला, तर तें काचेसारखें होतें, वांकण्याऐवजीं तुटतें. पुस्तकांतून आपण वाचतों कीं लांकूड पूर्ण वाळवावें. तीं पुस्तकें बहुधा थंड, दमट देशांत लिहिलेलीं असतात. तेथें लांकूड फार वाळण्याची भीति नाहीं. आमच्याकडे मे महिन्यांत ती आहे.

म्हणून आमच्या हवेंत ह्या कामाचा हंगाम पौषापासून फाल्गुनापर्यंत. फालशाची छाटणी थंडींत, झुडूप निजलेलें असतांना करतात. छाटल्यावर वसंतांत बुंध्यापासून लांबच लांब, सरळ फोक फुटतात. ते न छाटतां दोन-तीन वर्षें वाढूं दिले, तर हवी तेवढी जाडी येते. तोड थंडींतच करावी, ह्याला जुना आधारहि आहे. अग्निपुराणांत शरद ऋतूंत तोडलेल्या बांबूचें धनुष्य सर्वांत चांगलें म्हटलें आहे. पावसाळा संपून झाड मंदावण्याचाच तो काळ.

फांदी निवडतांना जाडी दीड ते दोन इंच पाहावी. बोटाएवढ्या फोकाचा बाण होतो, धनुष्य नव्हे. १९९१ सालीं आल्प्स पर्वताच्या बर्फांत सांपडलेल्या, पांच हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या माणसाच्या भात्यांतील बाण व्हायबर्नम नांवाच्या झुडपाच्या सरळ फोकांचेच केलेले आहेत. त्याचें धनुष्य यू झाडाचें आणि अर्धवट तासलेलें होतें. पुरें होण्याआधींच तो मेला. आपल्या फांदीची लांबी बाण जितका ओढावयाचा त्याच्या दुपटीहून अधिक असावी. चोवीस इंच ओढ असेल तर धनुष्य साडेचार फुटांहून कमी नको, पांच फूट बरें. गांठी थोड्या, आणि साल पाहतां पीळ नसलेली फांदी घ्यावी. सालीवरच्या रेषा काठीभोंवतीं मळसूत्रासारख्या फिरत असतील, तर ती कितीहि सरळ दिसो, सोडून द्यावी.

तोडल्यावर पहिलें काम तासाभराच्या आंत करावें : दोन्ही टोकांवर पातळ केलेलें मेण किंवा घट्ट रंग चोपडावा. कांहींच नसेल तर सरस. पाणी टोकांतून, म्हणजे नळ्यांच्या उघड्या तोंडांतून, बाजूंपेक्षां कितीतरी पट वेगानें निघून जातें. म्हणून टोकें आधीं फाटतात. साल तशीच राहूं द्यावी. मीं ती सोलली ही माझी पहिली चूक. ओल्या लांकडाची साल काढली कीं त्याच्या पृष्ठभागावर केंसासारख्या चिरा पडतात, त्या डोळ्यांस दिसत नाहींत, आणि धनुष्य ओढलें कीं तेथूनच फाटतें.

ह्यानंतरची गोष्ट मला त्या वृद्धाच्या दांड्यांवरून कळली. त्याचे दांडे गोल काठीचे नसून उभे चिरलेल्या काठीचे होते. गोल काठी तशीच ठेवली, तर ती वाळावयास वर्ष लागतें आणि भेग बहुधा चुकत नाहीं. तीच ओली असतांना आंतल्या अंगानें तासून गाभा काढून टाकला, तर ती अर्धचंद्राकृति होते. परीघ मोकळा झाला म्हणजे त्याला आकसावयास जागा मिळते. मग फाटण्याचें कारणच नाहीं. आणि जाडी निम्मी झाल्यानें वाळण्याचें काम आठ-दहा आठवड्यांवर येतें. तासणें वाकसानें करावें. वाकस नसेल तर कोयता आणि मग रंधा. धनुष्याच्या आकाराजवळ यावें, पण सर्वत्र पाव इंच जास्त ठेवावें. सालीची बाजू ही धनुष्याची पाठ. तिच्यावर हत्यार चालवूं नये, आतां नव्हे आणि पुढेंहि नव्हे. धनुष्य वांकतें तेव्हां पाठ ताणली जाते आणि पोट दाबलें जातें. पाठीवरचा एक तंतु जरी मध्येंच कापला गेला, तरी तुटण्याची सुरुवात तेथें होते. झुडपाच्या फांदीचा मोठा गुण हा कीं साल उतरविली म्हणजे तिच्याखालीं टोंकापासून टोंकापर्यंत अखंड असा एक वार्षिक थर आपोआप मिळतो. मोठ्या ओंडक्यांत तोच थर हुडकून काढण्यास कारागिराला दिवस लागतात. गांठ आली तर ती उंचवट्यासारखी राहूं द्यावी.

तासलेली काठी तशीच सोडली तर वाळतांना वांकडी होते. एका सरळ पट्टीवर सुतळीनें चार-पांच ठिकाणीं ती बांधावी, खालीं हवा खेळावी म्हणून काड्या घालाव्या, आणि घरांतल्या अशा खोलींत आडवी ठेवावी कीं जेथें ऊन नाहीं, झोत नाहीं आणि चुलीची धग नाहीं. माझी माळ्यावर असते. मूळचा बांक मोठा असेल, तर आधणाच्या वाफेवर तो भाग अर्धा-पाऊण तास धरून, गरम असतांनाच गुडघ्यावर सरळ करून बांधावा. मात्र हें काम वाळवण्याच्या मध्यावर करावें, शेवटीं नव्हे, कारण वाफेनें ओलावा पुन्हां शिरतो. घुणाचीहि काळजी घ्यावी लागते. पांढऱ्या लांकडांत पिष्ट असतें आणि घुण्याला तेंच हवें असतें. सालीखालीं पिठासारखी भुकटी दिसली कीं ती काठी घराबाहेर काढावी. बांबूला ह्याचसाठीं वाहत्या पाण्यांत कांहीं आठवडे बुडवून ठेवण्याची चाल आहे. त्यानें पिष्ट कमी होतें.

आतां मुख्य प्रश्न : लांकूड वाळलें हें ओळखावें कसें? हातांत घेऊन वाजविणें, गालाला लावून थंडावा पाहणें, ह्या युक्त्या सर्व जण सांगतात. मीं त्या करून पाहिल्या आणि माझी फसगत झाली. पत्र्यावरची काठी छान वाजत होती. विश्वासू साक्षीदार एकच, तराजू. दर रविवारीं काठीचें वजन करून भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत मांडावें. ह्या वर्षीं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत तासलेली माझी काठी पहिल्या दिवशीं १०४० ग्रॅम भरली. आठवड्यानें ९००, मग ८२०, ७७०, ७३८, ७१६. पहिल्या आठवड्यांत १४० ग्रॅम उतार, पांचव्यांत फक्त २२. ओलावा मोठ्या घाईनें निघतो आणि मग रेंगाळतो. माणसाला वाटतें संपला, तेव्हां तो संपलेला नसतो. ओळीनें तीन रविवार वजन तेंच आलें, म्हणजे लांकडाचा आणि खोलींतल्या हवेचा तोल बसला.

तोल बसला, पण तो कितीवर? ह्यासाठीं शाळेंतला एक साधा प्रयोग आहे. तासतांना निघालेला, वाळत ठेवलेल्या काठीशेजारींच ठेवलेला एक ढलपा घ्यावा. सराफाच्या काट्यावर त्याचें वजन करावें. मग भट्टींत सुमारें १०३ अंशांवर, वजन घटावयाचें थांबेपर्यंत, तो भाजावा आणि पुन्हां वजन करावें. गेल्या वर्षींचा माझा ढलपा आधीं १२ ग्रॅम होता, नंतर ११. घटलें तें १. त्याला कोरड्या वजनानें, म्हणजे ११ नें, भागावें. शेंकडा नऊ. बारानें भागावयाचें नाहीं. सातवींतल्या मुलाइतकीच ही चूक मोठी माणसेंहि करतात. ढलपा अर्थात वाया जातो.

नऊ आला कीं साल अलगद सोलावी, आणि पोटाच्या बाजूनें कानशीनें व फुटक्या काचेनें खरवडीत दोन्ही बाहू सारखे वांकेपर्यंत पातळ करावे. एकदम पूर्ण ओढूं नये. बोटभर ओढून पाहावें, जेथें ताठ दिसेल तेथें खरवडावें, मग आणखी बोटभर. ही कला निराळ्या व्याख्यानाची आहे. दोनच गोष्टी पालकांसाठीं सांगतों. बाण लावल्यावांचून धनुष्य ओढून सोडूं नये. बाणांत जावयाची शक्ति मग काठींतच आदळते. आणि घरचें धनुष्य वैशाखांत वापरूं नये. तें माठाजवळच्या गार खोलींत, दोरी उतरवून आडवें ठेवावें. मृगाच्या सरी पडल्यावर आठवडा-दोन आठवडे जाऊं द्यावे, मग काढावें.

लांकूड कोठून आणावें, हेंहि स्पष्ट सांगतों. गौताळा-औट्रमघाटाचें रान १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथील काडीसुद्धां आणावयाची नाहीं. परसांतल्या फालशाची छाटणी, किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरची धामण, त्याला विचारून, एवढें पुरे. आणि धनुष्य तयार झाल्यावर त्याचें लक्ष्य गवताची पेंढीच असावी. १९७२ च्या कायद्यानें शिकार बंद आहे, होल्या-तितरांचीहि.

भुवईवर खूण असलेला तो एकलव्य आतां मोठा झाला आहे. त्याला आठ वर्षांची मुलगी आहे. दिवाळींत तो भेटावयास आला आणि म्हणाला, "सर, हिला एक धनुष्य करून द्याल का?" त्यानें तें माझ्याकडेच कां मागावें, हें मीं विचारलें नाहीं. तिच्यासाठींच ती काठी माळ्यावर आहे. तिची उंची पाहून मीं ती पुढें आणखी आंखूड करणार आहें. मागल्या रविवारीं तिचें वजन ६९८ ग्रॅम आलें, आज सकाळीं ६९६. अजून दोन-तीन रविवार थांबावें लागेल, असें मीं त्याला कळविलें आहे.